सोडवलं म्हणाले

मंगळवार, रात्री पावणेबारा.

आज काकूंशी खोटं बोलले. "अजून अंगावर पितो का गं?" एवढंच त्यांनी विचारलं, तेही चहाचा कप खाली ठेवता ठेवता. मी पटकन म्हणाले, "छे, सोडवलं की कधीच!" "बरं केलंस," म्हणाल्या आणि विषय संपला. तेवढ्यात आत चिरंजीव झोपेतून रडत उठले आणि मला पान्हा फुटला. ओढणी पुढे ओढून आत पळाले. तोंडाने सोडवलं होतं, अंगाला कुणी कळवलंच नव्हतं.

का बोलले असं? दोन वर्षांचा व्हायला अजून पाच आठवडे आहेत. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा म्हणते, हे वहिनीला मीच बोट नाचवून ऐकवलं होतं. मग काकूंपुढे ती संघटना कुठे गेली? सोडवलं असतं तर "इतक्यात?" झालं असतं, नाही सोडवलं तर "अजून?" बावीस महिन्यांत सलग चार तास झोप मिळालेली रात्र मला आठवत नाही. त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. ह्यांनीही नाही. जाऊ दे.

तसं दुपारचं तीन आठवड्यांपूर्वीच बंद केलंय. एका वेळी एकच पाजणं कमी करायचं, ते अंगवळणी पडलं की पुढचं. एकदम तोडलं तर दूध साचून गाठी होतात, तापही येतो. पहिले दोन दिवस उजवी बाजू दगड झाली होती. बाथरूममध्ये उभी राहून हाताने थोडं काढलं, ठणका थांबेल इतकंच. सगळं काढलं की तेवढंच पुन्हा तयार. मागणी तसा पुरवठा, अंगाचा व्यवहार चोख. आणि हा? तिसऱ्या दिवशी पोटावर पुस्तक घेऊन आपला आपण झोपला. मी शेजारी बसून होते. बराच वेळ.

खोटं का बोलले ते नाहीच कळलं. लाज? असेल थोडी. पण "सोडवलं" म्हणताना क्षणभर इतकं हलकं वाटलं, की जणू खरंच उरकलं सगळं. आणि लगेच पोटात खड्डा पडला. काकूंना फसवल्याचं नाही एवढं लागलं. ते हलकं वाटणं लागलं.

आता निजतानाचं आणि रात्रीचं उरलंय. हेच सगळ्यात चिवट. सर्दी बरी होऊ दे, मग बघू. दाढा येतायत, त्या येऊन जाऊ देत. (माझ्याकडे कारणांचा तुटवडा कधीच नसतो.)

मघाशी एक बाजू झाल्यावर डोळे मिटूनच म्हणाला, "आता दुशलं." पिताना गाऊनचं वरचं बटण दोन बोटांत धरून फिरवत राहतो, गोल गोल, मग उलटं. दोनदा शिवलंय मी ते. आत्ता पुन्हा एका दोऱ्यावर लोंबतंय. तिसऱ्यांदा नाही शिवणार. सगळं संपेल तेव्हा एकदमच शिवेन.

काकू पुढच्या मंगळवारी परत येणार आहेत. तोवर सोडवून होणं काही शक्य नाही. जाड ओढणी शोधून ठेवायला हवी.