गव्हाळ गालांवरचा रोझेशिया

रोझेशिया, म्हणजे चेहऱ्यावर लाली आणि पुरळ आणणारा त्वचेचा चिवट आजार, याविषयी माहिती शोधायला गेले की छायाचित्रे हटकून गोऱ्या, युरोपीय चेहऱ्यांची मिळतात. त्यामुळे हा आजार आपल्याकडे नसतोच, असा समज रूढ झाला आहे, आणि माझ्यासारख्या गव्हाळ वर्णाच्या बाईच्या गालांवर तो दिसू लागला की घरातली मंडळी ‘उष्णता झाली आहे, सब्जा घे’ असे सांगून मोकळी होतात. सब्जाने अपाय होत नाही, पण निदान मात्र लांबणीवर पडते.

आपल्या वर्णावर हा आजार डोळ्यांना कमी दिसतो आणि त्वचेला अधिक जाणवतो. गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मध्यभाग एकाएकी तापतो, चुरचुरतो, रोजचा साबणही झोंबू लागतो. लाली मात्र तांबूस-तपकिरी सावलीत लपून राहते. पुढे बारीक पुरळ आणि पूभरले फोड येतात, ते मुरुमांसारखे दिसतात, पण मुरुमांत आढळणारे काळे-पांढरे कण त्यांत नसतात. माझ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी काचेची एक पट्टी गालावर दाबून धरली, तेव्हा काचेखालचा रंग फिका पडला आणि पट्टी उचलताच पुन्हा भरून आला. म्हणजे तो डाग नसून फुललेल्या रक्तवाहिन्या होत्या. ल्युपसमध्येही, म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा शरीरावरच उलटते त्या आजारातही, गालांवर लाली येते, म्हणून सांधेदुखी आहे का, तोंडात व्रण येतात का, हेही त्यांनी खोदून विचारले.

रोझेशियाचे एकच एक कारण सांगता येत नाही. त्वचेची उपजत संरक्षणयंत्रणा गरजेपेक्षा जास्त भडकते, डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म अष्टपाद जीव, जे बहुतेकांच्या चेहऱ्यावर असतातच, ते इथे संख्येने वाढलेले आढळतात, आणि मज्जातंतू क्षुल्लक कारणानेही रक्तवाहिन्यांना फुलायला लावतात. आपल्या मज्जातंतूंवर उष्णतेची जाणीव करून देणारा जो ग्राहक (संवेदना टिपणारा रेणू, इंग्रजीत रिसेप्टर) असतो, तोच मिरचीतल्या कॅप्सेसिनलाही प्रतिसाद देतो. भाकरी आचेवर शेकताना आणि ठेच्याचा पहिला घास घेताना गाल सारखेच का पेटतात, याचा उलगडा मला त्यातून झाला. चहाच्या बाबतीत दोष बहुधा चहाचा नसून त्याच्या वाफाळण्याचा असतो, त्यामुळे मी चहा सोडलेला नाही, कोमट करून पिते. ऊन, मद्य, मानसिक ताण आणि दमवणारा व्यायाम हीही नेहमीची निमित्ते आहेत, परंतु प्रत्येकाची यादी वेगळी असते. सरसकट पथ्य पाळण्यापेक्षा आपले गाल कशाने तापतात याची वहीत नोंद ठेवणे अधिक उपयोगी पडते.

आपल्याकडचा खरा घोटाळा मात्र स्टिरॉइडच्या मलमांचा आहे. औषधाच्या दुकानात ‘चेहऱ्यावर लाली आणि पुरळ’ एवढे सांगितले, की बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असलेली ट्यूब पुढे सरकवली जाते, आणि ‘रंगही उजळतो’ अशी पुस्ती जोडली जाते. हे मलम रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून काही दिवसांत चेहरा नितळ दिसतो; नंतर त्वचा पातळ होते, आणि मलम थांबवताच लाली व फोड दुप्पट जोमाने उसळतात, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. रोझेशिया नसलेल्या चेहऱ्यावरही हे मलम तशीच अवस्था निर्माण करू शकते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अशा १४ स्टिरॉइडांचा समावेश शेड्यूल एचमध्ये केला, म्हणजे चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करता येत नाही. नियम कागदावर चोख आहे, दुकानाच्या काउंटरवर तो कितपत पाळला जातो हे आपण सगळेच पाहतो. ज्यांनी असे मलम महिनोन्‌महिने लावले आहे, त्यांनी ते कसे थांबवायचे हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

उपचारांना घाई चालत नाही. मेट्रोनिडाझोल, अझेलिक अ‍ॅसिड किंवा आयव्हरमेक्टिनच्या मलमाचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. फोड जास्त असतील तर कमी मात्रेत डॉक्सीसायक्लिन देतात, तेही जंतूंसाठी नव्हे तर दाह शमवण्यासाठी. गर्भारपणात ते टाळतात. ठळक रक्तवाहिन्यांसाठी लेझर आहे, परंतु सावळ्या त्वचेवर त्याचे काळे डाग राहू शकतात, म्हणून अनुभवी हातच शोधावा. बेसन, लिंबू, ब्लीच, स्क्रब यांना मी कायमची रजा दिली आहे. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचे वापरते. त्याने चेहरा राखाडी दिसतो, पण लोहाच्या ऑक्साइडची रंगछटा असलेले घेतले तर तो प्रश्न उरत नाही.

डोळ्यांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रोझेशियात पापण्यांच्या कडा सुजतात, डोळे कोरडे पडतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, वारंवार रांजणवाडी येते, आणि हे सारे कधी कधी गालांच्या आधीच सुरू होते. पापण्यांवर कोमट ओल्या कापडाचा शेक आणि त्यांची हळुवार स्वच्छता यांनी बराच आराम पडतो. पण डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा दिसणे अंधुक झाले, तर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला इजा झालेली असू शकते, आणि तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे लागते.