दीड मिलिमीटरची गोगलगाय: आधी फेरे मोजा, मग नाव द्या

युरोपातल्या पानझडी जंगलात मूठभर पाचोळा पांढऱ्या ताटात झटकला की मोहरीएवढ्या तपकिरी चकत्या पडतात, म्हणजे इवल्या गोगलगायींचे चपटे शंख. त्या सगळ्यांना ‘पंक्टम पिग्मियम’ (दीड मिमीची गोगलगाय ती हीच) म्हणून मोकळं होऊ नका. त्यात ‘डिस्कस रोटंडेटस’ या दुसऱ्या गोगलगायीची पिल्लंही असतात, आणि ती वाढून सहा-सात मिमीची होतात.

नुसत्या रुंदीवरून काही ठरत नाही. शंखाचं टोक वर करून मधल्या गाभ्याच्या सुरुवातीपासून तोंडाच्या कडेपर्यंत शंखाच्या वेटोळ्याचे किती फेरे आहेत ते मोजा. पूर्ण वाढलेलं पंक्टम जेमतेम दीड मिमी, पण फेरे साधारण साडेतीन. तेवढ्याच रुंदीच्या डिस्कसच्या पिल्लाचे बरेच कमी भरतात. त्याच्या बरगड्याही (शंखावरच्या उभार रेघा) ठसठशीत असतात. पंक्टमच्या इतक्या बारीक की दहापटीच्या भिंगाखाली शंख नुसता रेशमी दिसतो, रेघा सुट्या दिसायला चाळीसपट लागते. खालची बेंबी (शंखाच्या बुडाशी मधोमध असलेला खळगा) दोघांचीही उघडी, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

उंच, पांढरट, काचेसारखा दोन मिमीचा शंख आणि तोंडात दात दिसले तर ते ‘कॅरिकियम’, हा गोगलगायींचा वेगळाच गट. जिवंत असेल तर डोळे बघा: शिंगांच्या टोकाला नाही, बुडाशी असतात. त्याची जात ‘मिनिमम’ की ‘ट्रायडेंटेटम’ हे बाहेरून ठरवणं जिकिरीचं. शेवटच्या फेऱ्यातून आरपार दिसणारी आतली पट्टी साधी वळलेली असेल तर मिनिमम, नागमोडी असेल तर ट्रायडेंटेटम. मिनिमम दलदलीकडे जास्त, दुसरी तुलनेनं कोरड्या पाचोळ्यातही.

पाचोळ्याचा वरचा कुरकुरीत थर बाजूला सारा. माल खालच्या दमट, अर्धवट कुजलेल्या पानांत आणि पडलेल्या लाकडाच्या कडेला असतो. चुनखडीच्या जमिनीवर जाती जास्त, सूचिपर्णी झाडांखालच्या आम्ल पाचोळ्यात कमी.

ओला पाचोळा चाळू नका, शंख पानांना चिकटून राहतात. जिवंत गोगलगायी आधी वेचून परत सोडा, बाकीचा पाचोळा पातळ पसरून वाळवा, मग ५ मिमी आणि ०.५ मिमीच्या चाळण्या एकाखाली एक. खालच्या चाळणीत उरलेलं पाण्यात टाकलं की आत हवा असलेले रिकामे शंख तरंगतात, माती बुडते. काड्याही तरंगतात, त्याला इलाज नाही.

उचलायला ओला बारीक ब्रश घ्या, चिमट्यानं चुरा होतो. ठेवायला काचेची नळी. ओकच्या लाकडी खणात आम्लाची वाफ शंखाला खाते. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, आणि जागेसोबत कुठल्या झाडाखालचा, कुठला थर हेही.