फोनवर अनसिव्ह खेळताना: सेटिंग्ज, टॅप आणि नकाशाचा आकार

माऊसला सहज जमणाऱ्या दोन गोष्टी बोटाला जमत नाहीत. एक, न दाबता एखाद्या जागेवर नुसतं थांबून माहिती वाचणं. दुसरी, उजवी क्लिक. संगणकावरचे बहुतेक स्ट्रॅटेजी गेम्स याच दोन गोष्टी गृहीत धरून बनतात. फोनवर बघणं आणि हुकूम देणं या दोन्हींना एकच टॅप उरतो, आणि ज्या जागेवर बोट टेकतं तीच जागा बोटाखाली झाकली जाते. म्हणून फोनवरचा गेम निवडताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट पाहतो: बघण्याचा टॅप आणि हुकमाचा टॅप वेगळे ठेवलेत का?

अनसिव्ह या कसोटीला उत्तम उतरतो. 2010 च्या सिव्हिलायझेशन 5 या राष्ट्र उभारण्याच्या संगणक गेमच्या नियमांवर बेतलेला हा ओपन सोर्स गेम अँड्रॉइडवर फुकट मिळतो, जाहिराती नाहीत, आणि जुन्या फोनवरही चालतो. याचा नकाशा षटकोनी चौकटींचा असतो. त्यावरचं युनिट (सैनिक, कामगार वगैरे) निवडून दूरच्या षटकोनावर टॅप केला की युनिट लगेच निघत नाही. तिथे एक गोल बटण येतं, पोहोचायला किती टर्न (खेळाच्या पाळ्या) लागतील ते दिसतं, आणि ते बटण दाबल्यावरच युनिट हलतं. सेटिंग्जमध्ये एका टॅपमध्ये युनिट हलवण्याची सोय आहे. वेग वाढतो म्हणून ती चालू करण्याचा मोह होतो, पण लढाई सुरू असताना ती बंदच ठेवा. नुसता भूभाग बघायला केलेल्या टॅपने धनुर्धारी शत्रूच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो.

शहरात उभं असलेलं युनिट सापडत नाही, ही नव्या खेळाडूंची नेहमीची तक्रार. शहराच्या नावाच्या पट्टीवर पहिला टॅप केला की पट्टी खाली सरकते आणि युनिटला वाट मोकळी होते; दुसऱ्या टॅपला शहराचा पडदा उघडतो. घाईत दोनदा टॅप केला की पहिली पायरी हुकते.

बटणं बारीक वाटत असतील तर डिस्प्लेमधल्या स्क्रीन साइझकडे जा. इथे नावाने फसायला होतं: छोटा पर्याय निवडला की बटणं आणि अक्षरं मोठी होतात, कारण पडद्यावर कमी मजकूर बसवला जातो. अँड्रॉइडच्या शिफारशीनुसार बोटाने दाबायची जागा किमान 48 डीपी, म्हणजे साधारण 9 मिलिमीटर असावी. नकाशा लांबून पाहताना षटकोन याहून कितीतरी बारीक होतो, म्हणून नियोजन लांबून करा, हुकूम मात्र नकाशा जवळ आणून द्या.

आता नकाशाचा आकार. स्मॉल नकाशाची त्रिज्या 15, म्हणजे षटकोनी आकारात 721 चौकटी. मीडियमची 20, चौकटी 1261. ह्यूजची 40, चौकटी 4921! त्रिज्या दुप्पट झाली की चौकटी जवळपास चौपट होतात, आणि डावाच्या उत्तरार्धात प्रत्येक टर्नला संगणकाच्या सगळ्या राष्ट्रांची युनिट्स आणि शहरं त्यावर हिशेब करत बसतात. फोन तापतो, तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि टर्न आणखी लांबतो. साध्या फोनवर स्मॉल नकाशा आणि चार-पाच राष्ट्रं पुरेशी आहेत. कंटिन्युअस रेंडरिंग (पडदा सतत नव्याने काढत राहणं) बंद केलं तर काही अ‍ॅनिमेशन जातात, पण बॅटरी वाचते. माझ्या मते हा सौदा नेहमीच फायद्याचा.

खेळाच्या मध्यावर कामगारांची संख्या वाढते आणि टॅपचा खरा खर्च तिथे होतो. रस्ते आणि शेती करणाऱ्यांना ऑटोमेट करा, म्हणजे ते आपोआप काम करतात; पहारेकऱ्यांना फोर्टिफाय (जागेवर बचावाला उभं राहणं) किंवा स्लीप (नवा हुकूम न मागता थांबणं) द्या. मात्र रिकाम्या युनिट्सची तपासणी चालू ठेवा. मग वर उजवीकडचं बटण थेट टर्न संपवत नाही, आधी हुकमाची वाट पाहणाऱ्या युनिटकडे नेतं.

दोन ऑटोसेव्हमधलं अंतर एक टर्न ठेवा. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेला गेम विनासूचना बंद करतो. मोठा डाव संगणकावर न्यायचा असेल तर सेव्ह केलेला डाव मजकुराच्या रूपात क्लिपबोर्डवर कॉपी होतो. तो मजकूर स्वतःलाच पाठवून तिकडच्या अनसिव्हमध्ये कॉपी केलेल्या डेटावरून उघडायचा. मजकूर खूप लांब असतो आणि काही मेसेजिंग अ‍ॅप्स तो मध्येच तोडतात, त्यामुळे तो टेक्स्ट फाइलमध्ये ठेवून पाठवलेला बरा. शिवाय दोन्हीकडे अनसिव्हची आवृत्ती एकच असू द्या.