महापालिका-झेडपीचं मतदान: नाव कुठल्या यादीत हवं आणि बटणं किती दाबायची

"लोकसभेला मत दिलं होतं, मग आता नाव कसं नाही?" स्थानिक निवडणुकीत मतदान केंद्राबाहेर हे वाक्य हमखास ऐकू येतं. नाव बहुतेक वेळा कापलेलं नसतंच. ते दुसऱ्या प्रभागात गेलेलं असतं, किंवा माणूस जुन्याच शाळेत जाऊन रांगेत उभा राहिलेला असतो.

आपल्याकडे दोन वेगळे आयोग आहेत. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका या निवडणुका महाराष्ट्राचा राज्य निवडणूक आयोग घेतो. पण राज्य आयोग स्वतः मतदार नोंदणी करत नाही. तो एक तारीख ठरवतो, त्या तारखेला असलेली विधानसभेची यादी घेतो आणि ती शहरात प्रभागाप्रमाणे, जिल्हा परिषदेला गटाप्रमाणे, पंचायत समितीला गणाप्रमाणे आणि ग्रामपंचायतीला वॉर्डाप्रमाणे फोडतो. म्हणजे महापालिकेच्या मतदानासाठीसुद्धा नाव विधानसभेच्या यादीतच लागतं, तेही त्या तारखेच्या आत.

ही तारीख मतदानाच्या बरीच आधीची असते. 15 जानेवारी 2026 ला 29 महापालिकांचं मतदान झालं, त्याला 1 जुलै 2025 ची यादी वापरली होती. ऑगस्टमध्ये अर्ज केलेल्यांना, किंवा मधल्या काळात 18 पूर्ण केलेल्यांना, त्या वेळी मत देता आलं नाही. अर्ज केलाय, पोचपावती आहे, एवढ्यावर भागत नाही. त्या तारखेला नाव यादीत चढलेलं असावं लागतं. म्हणून नोंदणीचं काम निवडणुकीची चाहूल नसतानाच उरकून ठेवा, हा माझा ठाम आग्रह आहे.

नोंदणी भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर, ईसीआयनेट (ECINET, आधीचं व्होटर हेल्पलाइन) अ‍ॅपवर किंवा तुमच्या भागातल्या बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणारे केंद्रस्तरीय अधिकारी) कागदी अर्ज देऊन होते. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या चार तारखांपैकी ज्या तारखेला तुमची 18 वर्षं पूर्ण झालेली असतील, तिथून तुम्ही पात्र. सतराव्या वर्षानंतर आगाऊ अर्जही करता येतो. फोटो, वयाचा एक पुरावा (जन्मदाखला, दहावी-बारावीची गुणपत्रिका, पॅन, आधार यांपैकी काही) आणि पत्त्याचा एक पुरावा (वीजबिल, बँक पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार वगैरे) पुरतो.

खरा घोळ अर्जाच्या नमुन्यात होतो. नमुना 6 फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. घर बदललं, लग्नानंतर दुसऱ्या गावी गेलात, नावात चूक आहे, ओळखपत्र हरवलं, यातल्या कशासाठीही नमुना 8 भरायचा. घर बदलल्यावर पुन्हा नमुना 6 भरला की नाव दोन ठिकाणी लागतं. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही, आणि आपलं नाव दुसरीकडे कुठेच नाही असं खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे. 2025 च्या स्थानिक याद्यांमध्ये अशा संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते. त्या मतदारांना कुठल्या केंद्रावर मत देणार हे आधी कळवायचं होतं. ज्यांनी कळवलं नाही, त्यांच्याकडून केंद्रावर हमीपत्र घ्यायची सूचना होती.

ऑनलाइन अर्जात आणखी एक जागा जपायची. नाव इंग्रजीत टाइप केलं की मराठी नाव आपोआप उमटतं, आणि तिथे 'काळे'चं 'काले' होतं, 'माने'चं 'मने' होतं. तो रकाना हाताने दुरुस्त करा, मगच पुढे जा. एकदा चुकीचं छापलं गेलं की यादीत मराठीत नाव शोधताना ते सापडतच नाही.

निवडणूक लागायच्या आधी प्रभागनिहाय प्रारूप यादी प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचनांसाठी मोजकेच दिवस मिळतात. ती यादी उघडून बघाच. विधानसभेच्या यादीचे भाग वेगळ्या हद्दीने पाडलेले असतात, तर प्रभाग जनगणनेचे प्रगणक गट (जनगणनेसाठी पाडलेले घरांचे छोटे समूह) जोडून बनतात. त्यामुळे एकच यादी भाग दोन प्रभागांत फुटू शकतो, आणि फोडताना रस्त्याच्या अलीकडची अख्खी सोसायटी पलीकडच्या प्रभागात जाऊन बसते. चुकीचा प्रभाग, लेखनिकाची चूक, विधानसभेच्या यादीत असूनही इथे सुटलेलं नाव, एवढंच या टप्प्यावर दुरुस्त होतं. नवीन नाव इथे घालता येत नाही. अर्ज लेखी द्या, त्यात विधानसभेचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहा, आणि पोच घ्या. नुसतं 'आमची सोसायटी चुकली' म्हणून तक्रार पुढे सरकत नाही.

आता बटणं. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक, म्हणून एकच मत. बाकीच्या महापालिकांत प्रभाग साधारण चार जागांचे असतात, अ, ब, क, ड. पुण्यात 41 प्रभागांत 165 जागा आहेत: 40 प्रभाग चार जागांचे आणि एक पाच जागांचा. जितक्या जागा, तितकी मतं. नगरपरिषदेत प्रभागातल्या सदस्यांची मतं आणि शिवाय नगराध्यक्षाचं एक. ग्रामीण भागात एक मत जिल्हा परिषदेच्या गटासाठी, एक पंचायत समितीच्या गणासाठी. ग्रामपंचायतीत वॉर्डातले सदस्य आणि थेट सरपंच.

यंत्रावर प्रत्येक जागेची उमेदवार यादी वेगळी असते, आणि तिच्या शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण असतं. कधीकधी एकाच यंत्रावर दोन जागांच्या याद्या एकाखाली एक येतात. तिथे माणूस गोंधळतो, एक बटण दाबून बाहेर यायला लागतो. बटण दाबलं की त्या नावापुढे दिवा लागतो, पण लांब बीप सगळ्या जागांची मतं झाल्यावरच वाजते. ती ऐकल्याशिवाय हलू नका. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल, तर त्या जागेचं 'कोणीही नाही' दाबा. घरातल्या ज्येष्ठांना हे आदल्या दिवशी कागदावर चौकटी काढून समजावा, खूप फरक पडतो. विधानसभेला दिसणारी व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणारी चिठ्ठी या निवडणुकांत नसते, तेव्हा तिची वाट बघत थांबू नका.

केंद्र विधानसभेचंच असेल असं धरून चालू नका. राज्य आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधून केंद्र आणि खोली क्रमांक लिहून घ्या. वेळ साधारणपणे सकाळी 7.30 ते संध्याकाळी 5.30. वेळ संपताना रांगेत असलेल्यांना मत देता येतं. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा फोटो असलेलं बँक पासबुक चालतं. घरी आलेली मतदार चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही. आणि ओळखपत्र आहे पण यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही.

तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल, तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांना ओळख पटवून द्या आणि प्रदत्त मतपत्रिका मागा. ते मत कागदावर घेऊन वेगळ्या लिफाफ्यात ठेवलं जातं.