हादरा भूकंपाचा की सुरुंगाचा?

आपल्या बेळगाव सीमाभागातली घरे रोजच थोडीफार हादरत असतात. वडगाव-खासबागेतले यंत्रमाग, उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवरून जाणाऱ्या मालगाड्या, गळीत हंगामात निपाणी-चिकोडीकडच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या आणि खडीसाठी काळा दगड फोडणाऱ्या खाणींतले सुरुंग, या साऱ्यांची थरथर भिंतींतून घरात येते. त्यातच एखादे वेळी खरा भूकंपाचा धक्का येऊन जातो, आणि "हलल्यासारखं झालं काय ओ?" या शेजारच्या प्रश्नाला जो तो आपल्या अंदाजाने उत्तर देतो. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, हादरा किती जोराचा होता यावरून निवाडा करू नये; तो कसा सुरू झाला, किती वेळ टिकला आणि कसा विरला, हे पाहावे.

भूकंपाची तीव्रता सांगणाऱ्या मर्काली श्रेणीत तिसऱ्या पायरीची थरथर ही शेजारून ट्रक गेल्यासारखी असल्याचे म्हटले आहे, आणि तो भूकंप आहे हे अनेकांना कळतही नाही, अशी नोंद तिथेच आहे. तेव्हा गोंधळ होणे साहजिक आहे.

वाहनाची थरथर ओळखायला सोपी असते. ती हळूहळू वाढते, हळूहळू ओसरते आणि रस्त्याच्या बाजूच्या खोलीत अधिक जाणवते. यंत्रमागाची थरथर एका लयीत चालते आणि वीज गेली की थांबते. ढगांच्या गडगडाटाने तावदाने वाजतात, पण फरशीवर ठेवलेल्या हाताला सहसा काही लागत नाही.

सुरुंगाचे मात्र बारकाईने पाहावे लागते. तीन किलोमीटरवरच्या खाणीत स्फोट झाला, तर जमिनीतली थरथर साधारण सेकंदाभरात घरी येते, पण हवेतून येणाऱ्या आवाजाला जवळजवळ नऊ सेकंद लागतात. म्हणून आधी मांडणीवरची ताटे एकदाच खणकन वाजतात, आणि मग बऱ्याच वेळाने खाणीच्या दिशेच्या खिडक्या थडथडतात. हा दुसरा, दिशा असलेला दणका ऐकू आला, तर संशय बहुतेक फिटतो.

भूकंपाची तऱ्हा अंतराप्रमाणे बदलते. कोयना धरण बेळगावपासून सरळ रेषेत सुमारे 190 किलोमीटरवर आहे, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा तिथला भूकंप घराघरांतल्या थोरल्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. जलाशयामुळे उद्भवलेल्या भूकंपांत तो जगातला सर्वांत मोठा मानला जातो. तिकडून मोठा धक्का आला, तर जमिनीतली वेगवान प्राथमिक लहर आधी पोहोचते आणि आडवी हलवणारी दुय्यम लहर बेळगावात तिच्यामागून वीस-बावीस सेकंदांनी येते. निपाणी जवळ असल्याने तिथे हे अंतर पंधरा-सोळा सेकंदांचे पडते. पहिली लहर पुष्कळदा कळतही नाही. इतक्या लांबून येताना बारीक, जलद कंपने वाटेतच विरून जातात आणि उरतो तो संथ झोका: देवघरातला लामणदिवा डोलू लागतो, वरच्या मजल्यावर बसलेल्या माणसाला चक्कर आल्यासारखे वाटते, तर खाली अंगणात उभ्या असलेल्याला काहीच जाणवलेले नसते. कोणताही सुरुंग लामणदिव्याला असा सावकाश झुलवत नाही. उलट, कोयनेत तीन रिश्टरच्या आतला धक्का झाल्याची बातमी आली आणि आपल्याकडेही त्याच वेळी तावदाने वाजली असतील, तर कारण जवळपासच शोधावे, कारण तेवढा लहान धक्का इथवर जाणवण्याजोगा उरत नाही.

खरी अडचण जवळच्या, उथळ आणि लहान भूकंपाची आहे. तो धप्पकन येतो, एक-दोन सेकंदांत संपतो, जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाजही करतो आणि थेट सुरुंगासारखा वाटतो. अशा वेळी घड्याळ उपयोगी पडते, कारण सुरुंग सहसा दिवसाउजेडी उडवतात. रात्री दोनच्या धक्क्याचा खुलासा खाणीने होत नाही. तरीही एका घरातल्या अनुभवावरून पक्का निकाल देता येत नाही, तो भूकंपमापकच देतो. स्फोट जमिनीला सर्व बाजूंना बाहेर ढकलतो, म्हणून चहूकडच्या भूकंपमापन केंद्रांवर पहिली हालचाल ढकलण्याची उमटते. भूकंपात खडक भेगेवरून सरकतात, त्यामुळे काही केंद्रांवर पहिली हालचाल ढकलण्याची, तर काहींवर ओढण्याची असते आणि दुय्यम लहरही जोरकस उमटते.

म्हणूनच धक्का जाणवला की, इतरांना विचारण्याआधी स्वतःची नोंद करावी, असे मला कळकळीने वाटते. चार जणांनी "भूकंपच तो" म्हटल्यावर आपल्यालाही पंखा हलल्याचे आठवू लागते आणि मूळ अनुभव कायमचा हातचा जातो. मोबाइलवरची वेळ सेकंदांसह टिपावी. आपण कोणत्या मजल्यावर होतो, बसलो होतो की चालत होतो, काय वाजले, काय डोलले, आवाज आधी आला की नंतर, हे दोन ओळींत लिहावे. मग दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीत ती वेळ शोधावी. यादीत नोंद झालेल्या भूकंपाची वेळ ही उगमस्थानी धक्का सुटल्याची असते, त्यामुळे कोयनेच्या धक्क्याची आपल्या घड्याळातली वेळ अर्ध्या-पाऊण मिनिटाने पुढे असेल, हे तेव्हा लक्षात ठेवावे.