सोलापुरात बसून सबटायटलचं काम: सुरुवात कुठून करावी

मीडियात काम करायचं म्हटलं की सोलापूरची पोरं आधी पुण्याची गाडी बघतात. कॅमेरा किंवा ॲनिमेशनसाठी ते ठीक आहे. सबटायटल आणि इतर भाषांतल्या आवृत्त्यांच्या कामाला मात्र सोलापूर हीच जास्त सोयीची जागा आहे. पूर्व भागात घराघरांत तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड, व्यवहारात मराठी आणि बाजारात हिंदी-दखनी. हे कान लहानपणीच तयार होतात, आणि कुठल्याही कोर्सला ते नव्यानं तयार करता येत नाहीत.

अडचण लिपीची आहे. घरी तेलुगू बोलणारे पण मराठी माध्यमात शिकलेले अनेकजण तेलुगू वाचू शकत नाहीत. त्यांनी सॉफ्टवेअर शिकण्याआधी लिपी शिकावी. रोज अर्धा तास दिला तर काही महिन्यांत हात बसतो, आणि मिळणाऱ्या कामाचा दर्जाच बदलतो.

साधनं फारशी लागत नाहीत. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, कान पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन आणि 'सबटायटल एडिट' किंवा 'एजिसब' हे मोफत सॉफ्टवेअर. ब्लूटूथ हेडफोनवर टायमिंग (ओळ कधी येते-जाते ते जुळवणं) करू नका, त्यात आवाज किंचित उशिरा येतो आणि सगळ्या ओळी तेवढ्याच चुकतात.

नियम म्हणून एवढं धरा: एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत साधारण ४२ अक्षरं, पडद्यावर कमीत कमी पाऊण-एक सेकंद, जास्तीत जास्त ७ सेकंद, दोन सबटायटलमध्ये निदान २ फ्रेमचं (व्हिडिओतल्या सुट्या चित्रांचं) अंतर. ओळ तोडताना 'करून टाकलं' सारखी जोडी दोन ओळींत फोडू नका, वाचणारा तिथं अडखळतो. मराठीतून कन्नड किंवा तेलुगूत जाताना एक मोठी सोय आहे. तिन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळं बोलणाऱ्यानं राखून ठेवलेली गोष्ट सबटायटलमध्ये आधीच फुटत नाही. इंग्रजी करताना मात्र ती हमखास फुटते, आणि मग वाक्य दोन तुकड्यांत बांधावं लागतं.

अक्षरमोजणीत एक फसवणूक आहे. 'सिद्धेश्वर' आपण चार अक्षरांत वाचतो, पण सॉफ्टवेअर मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं धरून १० मोजतं. म्हणून वाचनवेगाचा (सेकंदाला किती अक्षरं) आकडा लाल दिसतो आणि नवखा माणूस चांगली वाक्यं उगाच कापत बसतो. मोजणी कशी धरायची ते ग्राहकाला आधीच विचारा. त्यानं काही सांगितलं नसेल, तर ओळ स्वतः एकदा मोठ्यानं वाचा. वेळेत संपली तर ती राहू द्या.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती फाँटवर. 'प्रीमिअर प्रो' या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्ट इंजिन (अक्षरं मांडण्याची सेटिंग) 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' केलेलं नसेल तर याच 'सिद्धेश्वर'ची वेलांटी 'स'च्या उजवीकडं जाऊन बसते आणि 'द्ध' फुटून हलन्तासकट दिसतो. छापखान्यातून आलेला मजकूर बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या धाटणीच्या फाँटमध्ये असतो. तो युनिकोड (सगळीकडं चालणारी अक्षरांची पद्धत) नसल्यामुळं पेस्ट केला की भलतीच चिन्हं उमटतात. आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग 'ऱ्य', 'ऱ्ह' आणि रफार डोळ्यांनी तपासा, कारण कन्व्हर्टर नेमका तिथंच चुकतो. एसआरटी फाइल (वेळा आणि ओळी असलेली सबटायटलची साधी फाइल) नेहमी यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रकारातच सेव्ह करा. एएनएसआय या जुन्या प्रकारात सेव्ह झाली तर सगळी अक्षरं प्रश्नचिन्हं होतात आणि त्या फाइलमधून मजकूर परत मिळत नाही. कन्नड-तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो. ओळींमधलं अंतर मराठीइतकंच ठेवलं तर वरची ओळ खालच्या ओळीवर चढते.

सबटायटल मागं-पुढं होत असतील तर आधी चूक कोणत्या जातीची आहे ते ओळखा. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या वाक्यावर तपासा. फरक तिन्ही ठिकाणी सारखा असेल तर सगळी फाइल सरकवली की झालं. फरक वाढत जात असेल तर फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) चुकलाय. २३.९७६ आणि २५ च्या गोंधळात तासाभरात सुमारे अडीच मिनिटांचा फरक पडतो, २९.९७ आणि ३० मध्ये साधारण साडेतीन सेकंदांचा. वाढणारा फरक हातानं एकेक ओळ सरकवून दुरुस्त करण्यात रात्र घालवू नका. फ्रेमरेट बदलण्याची सोय मेनूत आहे.

आता यंत्राचं. आवाज ऐकून मजकूर लिहिणारी व्हिस्परसारखी मॉडेलं मराठीचा कच्चा मसुदा देतात, तो जरूर घ्या. पण शांत जागी ती न बोललेली वाक्यं घुसवतात किंवा एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहितात. आडनावं, आकडे आणि मधेच आलेलं कन्नड वाक्य इथंही चुकतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये घेतलेल्या मुलाखतीत तर काहीच हाती लागत नाही. म्हणून कारखानदाराला आधीच सांगा: बोलणं शेडबाहेर घ्या, कॉलर माइक हनुवटीच्या वीतभर खाली लावा, मागाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा. नुसतं टाइप करणाऱ्याचं काम यंत्र घेणार आहे. चूक ऐकून पकडणाऱ्याला आणि तिची जबाबदारी घेणाऱ्याला काम राहील, असं माझं स्पष्ट मत आहे. समाधानही त्यातच आहे. विजयपूरकडून सोलापुरात उपचाराला आलेल्या माणसाला औषधाचा डोस स्वतःच्या भाषेत, बिनचूक वाचता येणं ही लहान गोष्ट नाही.

स्थानिक गिऱ्हाईकही असंच शोधा: दवाखाने, क्लासेस, चादर-टॉवेलचे उत्पादक, अक्कलकोट-पंढरपूरच्या यात्रेकरूंसाठी व्हिडिओ करणारे. दर व्हिडिओच्या मिनिटावर ठरवा. स्वच्छ आवाजाच्या १० मिनिटांना सुरुवातीला दोन तास धरा, खराब आवाजाचे वेगळे पैसे सांगा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, दुरुस्तीच्या किती फेऱ्या ते लिहून ठेवा. भाषांतराचे हक्क देताना मुदत आणि प्रदेश लिहा. करारात ते नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत ५ वर्षं आणि प्रदेश भारत धरला जातो. ग्राहकानं टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला असेल तर तो आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसतोय का ते तपासा. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

पहिलं काम मागताना बायोडेटा पाठवू नका. एकाच दोन मिनिटांच्या व्हिडिओची मराठी, कन्नड आणि तेलुगू एसआरटी करा, ती भाषा घरात बोलणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, फाइलच्या नावात भाषेचा कोड घाला (मराठी एमआर, कन्नड केएन, तेलुगू टीई) आणि तिन्ही फाइल्स व्हिडिओसोबत पाठवा.