बुधवारी रात्री लाथ बसली नाही

३६वा आठवडा होता. रोज रात्री आडवी झाले की उजव्या बरगडीखाली एक सणसणीत लाथ बसायची. बुधवारी ती बसली नाही. दिवसभरही बाळ गपगपच होतं. मी दोघी-तिघींना विचारलं. "अगं, आता जागा कुठे उरलीय त्याला? शेवटी शेवटी हालचाल कमीच होते." मला तेच ऐकायचं होतं. गार पाणी प्यायले, गोड खाल्लं, काहीतरी हलल्यासारखं वाटलं आणि झोपले.

गुरुवारी दुपारी सोनोग्राफी करताना डॉक्टर बराच वेळ बोलल्याच नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "ठोके लागत नाहीयेत."

मला वाटलं, आता ऑपरेशन करून मोकळं करतील. पण आईच्या दृष्टीने बहुतेक वेळा नॉर्मल बाळंतपणच बरं असतं. कळांचं औषध दिलं. २२ तासांनी मुलगी झाली. "बघायचंय तिला?" नर्सताईंनी विचारलं. मी मान फिरवली. तासाभराने त्यांनी पुन्हा विचारलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. काळेभोर केस, बोटांवर वाढलेली इवली नखं. ती मी पाहिली.

तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला. हे होणार याची कुणी कल्पनाच दिली नव्हती. दूध थांबवायचं औषध असतं, ते मागून घ्या.

वार, म्हणजे बाळाला पोषण पुरवणारी प्लॅसेंटा, तपासायला पाठवायची का, असं विचारल्यावर आम्ही कचरलो, पण सही केली. बाळ का गेलं याचं कारण प्रत्येक वेळी सापडतंच असं नाही. आमचं सापडलं: वार कमी पडत होती, बाळाची वाढ मागे राहिली होती. पोषण आणि प्राणवायू कमी मिळू लागला की बाळ ताकद राखून ठेवतं, हलणं कमी करतं. बुधवारी गेले असते तर ती वाचलीच असती, असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाल्या नाहीत. पण तपासता आलं असतं.

जगात दरवर्षी १९ लाखांच्या आसपास बाळं २८ आठवड्यांनंतर अशी जातात. त्यातली ४० टक्क्यांहून जास्त कळा सुरू झाल्यानंतर दगावतात, आणि त्यांतली बरीच वेळेवर लक्ष दिलं तर वाचण्यासारखी असतात. तरी गरोदर बाईसमोर हा विषय काढला की लोक मला गप्प करतात, "तिला घाबरवू नकोस." मी बोलतेच. हालचाल शेवटपर्यंत कमी व्हायला नको. अमुक इतक्या लाथा असा आकडा नसतो, आपल्या बाळाची रोजची सवय ओळखायची. ती बदलली की त्याच दिवशी जायचं, रात्र असली तरी. घरच्या यंत्रावर ठोके ऐकून थांबायचं नाही, कधी आईचेच ठोके ऐकू येतात. २८ आठवड्यांनंतर कुशीवर झोपायचं. जाग आल्यावर पाठीवर असलात तर नुसतं वळा. बीपी, साखर, सिफिलिसची तपासणी चुकवू नका.

दुसऱ्या खेपेला मी तीनदा धावत गेले. तिसऱ्यांदा रात्रीचे दोन वाजले होते. पोटाला पट्टे बांधले, कागदावर ठोक्यांची रेघ उमटू लागली. सगळं ठीक होतं. मी ओशाळून "उगीच त्रास दिला" म्हणाले. ड्युटीवरच्या डॉक्टर म्हणाल्या, "ताई, पहाटे पुन्हा तसं वाटलं तर पहाटे पुन्हा या."